किती आले होते?

लग्नाहून परतलेल्या माणसाला आमच्या घरी पाणी विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारतात : पानं किती उठली? नवरी कशी आहे, हॉल कुठला होता, हे सगळं नंतर. आणि उत्तर आलं की लगेच त्यातून काहीतरी वजा होतं. केटररचा आकडा वेगळा, मुलीच्या वडिलांचा वेगळा, आणि पंगतीत बसलेल्या आमच्या मामांचा तिसराच. मामांचा बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो आणि बहुतेक वेळा खरा असतो.

मामा नव्वदच्या दशकात नाटकांच्या बुकिंगला बसायचे. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात दौऱ्यावरचं नाटक आलं, कुठला ऑर्केस्ट्रा आला, की कंत्राटदार त्यांना बोलवायचा. खिडकीच्या आत समोर प्लॅन पसरलेला. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा, रांगांना अक्षरं, खुर्च्यांना आकडे. तिकीट गेलं की तांबड्या पेन्सिलची फुली. फोनवर सांगून ठेवलेल्यांना नुसती साधी रेघ, कारण फोनवाला येईलच असं नाही. पुढच्या दोन रांगांत काही चौकोन आधीच गोल करून ठेवलेले, ते पासवाल्यांचे. पासवाले पाच जण सांगून नऊ येतात, हा मामांचा अनुभव.

गंमत अशी, की मामा कधी माणसं मोजायचे नाहीत. दुसरी घंटा झाली की दारातून आत डोकवायचे आणि रिकाम्या खुर्च्या मोजायचे. माणसं हलतात, उठतात, मुलं मांडीवर असतात. रिकामी खुर्ची बिचारी जागेवर बसून असते. एकूण खुर्च्यांतून ती वजा केली की झालं. आणि ताळा म्हणून मध्यंतरानंतर कँटीनवाल्याला विचारायचं, वडे किती गेले. या पद्धतीवर मी आजही विश्वास ठेवते. कुणी कार्यक्रमाला ‘तुफान गर्दी’ म्हणालं, तर मी मनात विचारते, वडे संपले होते का?

हे सगळं आठवायचं कारण माझा मुलगा.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. पितृपक्ष चालू होता. आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक, गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलेलं, आणि कावळा काही येत नव्हता. दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या इंग्रजी बँडच्या मुंबईच्या कार्यक्रमाची तिकिटं उघडणार होती. मुलाने स्वतःचा, माझा आणि त्याच्या बाबांचा असे तिन्ही फोन टेबलावर ओळीने मांडले होते. बारा वाजून काही मिनिटांनी रांगेतले आकडे दिसू लागले. माझ्या फोनवर पुढे काही लाख लोक होते. मी म्हटलं, अरे, एवढे तर नाशिकरोडला पण राहत नाहीत. तो काही बोलला नाही. वर कावळा नाही, खाली रांग हलत नाही. आमचे पितर आणि आमचा मुलगा एकाच वेळी ताटकळत होते.

त्या दिवशी १ कोटीच्या वर लोक रांगेत उभे राहिल्याच्या बातम्या नंतर आल्या. मुलगा ही बातमी मामांना वाचून दाखवायला गेला. मामा आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत आणि आमच्याकडेच असतात.

“मामाआजोबा, एक कोटी लोकांना तिकीट हवं होतं!”

“हवं असलेले मोजायचे असते,” मामा म्हणाले, “तर माझी सगळी नाटकं हाऊसफुल्ल होती. फोनवर काय, कुणीही विचारतं.”

तेव्हापासून त्या दोघांत जो वाद सुरू झाला तो चार महिने चालला, आणि मला दुपारच्या झोपेवर पाणी सोडून त्यात पंच व्हावं लागलं. विषय एकच : जगात सगळ्यांत मोठी गर्दी कोणाच्या बँडला? मुलाचं म्हणणं कोल्डप्ले. त्याच्या बाबांचं म्हणणं यूटू, कारण त्यांच्या तरुणपणी हॉस्टेलच्या भिंतीवर तेच होते. मामांचा स्वतःचा बँड नव्हता, पण हिशोबातली गळती शोधायला त्यांना बँड लागत नाही.

बाबांनी आकडे काढले. यूटूचा २००९ ते २०११ चा दौरा. ११० प्रयोग, ७२ लाखांवर तिकिटं, ७३ कोटी ६० लाख डॉलरचा गल्ला. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. म्हणजे जवळजवळ पाच नाशिक, पाळण्यातल्या बाळांसकट, तिकीट काढून आत बसवली. त्याआधी सगळ्यांत मोठ्या गल्ल्याचा मान होता रोलिंग स्टोन्सच्या २००५ ते २००७ च्या दौऱ्याकडे, ५५ कोटी ८० लाख डॉलर.

मुलगा हसला. कोल्डप्लेचा तेव्हा चालू असलेला दौरा २०२२ च्या मार्चमध्ये कोस्टारिकात सुरू झालेला, आणि तिकिटांच्या बाबतीत त्याने यूटूला केव्हाच मागे टाकलं होतं. (पुढे, आमचा वाद संपल्यानंतर, तो सव्वा कोटीच्याही वर गेला आणि गल्ला दीडशे कोटी डॉलरपर्यंत.)

“प्रयोग किती?” मामांनी विचारलं.

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रयोगांनी भागायचं असतं. यूटूचं भागून आलं दर प्रयोगाला सहासष्ट हजार. कोल्डप्लेचा दौरा दीडपटीहून जास्त प्रयोगांचा, त्यामुळे त्यांची सरासरी साठ हजारांच्या आत. बाबा खुर्चीत जरा ताठ बसले. तेवढ्यात मी मधे टेलर स्विफ्टचं नाव घेतलं. ती काही रॉक बँड नव्हे हे मला दोघांनी एकदम सांगितलं, पण तिचे आकडे ऐकून गप्पही बसले. १४९ प्रयोग, १ कोटी १ लाखावर तिकिटं, आणि गल्ला २०० कोटी डॉलरच्या वर. कोल्डप्लेपेक्षा माणसं कमी, पैसे जास्त. भागाकार केला तर तिचं तिकीट सरासरी दोनशे डॉलरचं पडतं आणि कोल्डप्लेचं सव्वाशेच्या आत. मग मोठं कोण? मामा म्हणाले, नाटकातही असंच असतं, पुढच्या रांगांचा दर वाढवला की गल्ला फुगतो आणि बाल्कनी ओस पडते.

यूटूच्या सरासरीमागे एक युक्ती होती, ती मामांना फार आवडली. त्यांनी रंगमंच मैदानाच्या एका टोकाला लावलाच नाही. मधल्या जागेवर चार पायांचा, जवळजवळ पन्नास मीटर उंचीचा एक अगडबंब सांगाडा उभा केला आणि चारही बाजूंनी माणसं बसवली. एरवी स्टेडियममध्ये रंगमंचाच्या मागच्या खुर्च्या वाया जातात. तिथे पडदा टाकतात आणि त्या मोजतच नाहीत. म्हणजे ‘सगळी तिकिटं संपली’ असं जेव्हा म्हणतात, तेव्हा विकायला काढलेली संपली एवढाच त्याचा अर्थ. यूटूने मागच्या खुर्च्याही विकल्या. अर्थात असे तीन सांगाडे करून ठेवावे लागले, कारण एक उभा असताना दुसरा पुढच्या गावी चढत असतो आणि तिसरा मागच्या गावी उतरत असतो. गल्ल्यातून हा सगळा खर्च वजा व्हायचाच होता. आमच्या नाटकवाल्यांची एक बस आणि तिच्या टपावर बांधलेला सेट. मामा म्हणाले, “तीन सेट? आमच्याकडे एकाच सोफ्यावर तीन नाटकं व्हायची.”

हाऊसफुल्लच्या पाटीबद्दल मामांनी एक कबुली तेव्हाच दिली. चाळीस-पन्नास खुर्च्या शिल्लक असतानाच ते कधीकधी पाटी बाहेर लावायचे. परत गेलेला माणूस पुढच्या नाटकाला दोन दिवस आधी येतो. “आणि त्या चाळीस?” मी विचारलं. “त्या पासवाल्यांना पुरायच्या नाहीत गं.”

अमेरिकेत दौऱ्यांचे गल्ले पोलस्टार, बिलबोर्ड वगैरे मासिकं छापतात. पण ते आकडे मुळात आयोजकच कळवतात. ज्याने कळवलं नाही तो यादीत नाही. केटररनेच पानं मोजून छापायला द्यावीत तसं हे. मला त्यात फार वाईट दिसत नाही. निदान तिकीट ही फाडता येणारी वस्तू आहे. खरी मजा जिथे तिकीटच नसतं तिथे.

१९९४ सालच्या ३१ डिसेंबरला रॉड स्ट्युअर्ट ब्राझीलमधल्या कोपाकबानाच्या किनाऱ्यावर फुकट गायला. गर्दीचा आकडा सांगतात ३५ लाख. आता त्या किनाऱ्यावर दर ३१ डिसेंबरला मध्यरात्री आतषबाजी असते आणि निम्मं शहर ती बघायला जातंच. ती माणसं त्याची की फटाक्यांची? हे ऐकताना मला एकदम गोदाघाट दिसला. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर किती लाख आले, ते संध्याकाळी जाहीर होतं. २०१५ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड होतं, दूधवाला किटली घेऊन दोन चौक चालत आला, आणि मला खात्री आहे की त्या दिवशीच्या लाखांत तोही मोजला गेला. समजा पर्वणी बुधवारी आली, तर घाटावरच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायला गेलेली मीही भाविक. २०२७ ला बघू. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेचं तसं नाही. तिथे तिकीट नसलं तरी मामा सांगू शकतात. चपला मोजतात आणि दोनाने भागतात.

फुकटच्या गर्दीवर मामांचा विश्वास नाही, आणि हव्या असलेल्यांच्या रांगेवर तर नाहीच. २००७ च्या डिसेंबरात लेड झेपेलिन या मोडलेल्या बँडचे लोक लंडनला एकाच रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा वीसेक हजार जागांसाठी २ कोटी अर्ज आले असं म्हणतात. त्यांनी पुढे दौरा काढलाच नाही. मला वाटतं शहाणे होते. दोन कोटी हा आकडा तसाच झाकून ठेवला तर कायम दोन कोटी राहतो.

उलटी गोष्ट बीटल्सची, आणि ती मात्र मी मामांना सावकाश वाचून दाखवली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोक. तोवर एका बँडसाठी एवढी माणसं एका जागी तिकीट काढून आलीच नव्हती. गाणं कुणालाच ऐकू आलं नाही, कारण किंकाळ्या. पुढच्याच वर्षी तेच चौघे त्याच स्टेडियममध्ये आले तेव्हा हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. मग सहा दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला. मैदान बेचाळीस हजारांचं, तिकिटं गेली पंचवीस हजार.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सतरा हजार.” पुन्हा थोड्या वेळाने, “वाऱ्याचं मैदान असेल तर फार दिसतं ते.” ते मैदान, कँडलस्टिक पार्क, वाऱ्यासाठी बदनाम होतं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

एका रात्री मामांबरोबर मी कालिदासला थांबले होते. दहा-अकरा वर्षांची असेन. ऑर्केस्ट्रा होता. कार्यक्रम संपला, झाडूवाले आत शिरले, आणि मामा ऑफिसात टेबलावर तिकिटांची फाडलेली अर्धुकं शंभर-शंभरची करून रबर लावत होते. दारावर फाडलेलं अर्धुक आणि पुस्तकातली स्थळप्रत जुळली पाहिजे, तरच कंत्राटदाराचा हिशोब बंद होतो. एक कमी येत होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. साडेबारा वाजले. पुन्हा मोजलं. मी बाकावर पेंगत होते आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात एक गुलाबी अर्धुक होतं, कारण त्याच्यावर छापलेली सतार मला आवडली होती. घरी जाताना स्कूटरवर, मेन रोडवर केव्हातरी, मी ते पुढे केलं. मामांनी स्कूटर थांबवली, ते घेतलं, वरच्या खिशात ठेवलं आणि पुन्हा चालू केली. रागावले नाहीत. पण परत मागे वळून ऑफिसला गेले.

मुलाला शेवटी तिकीट मिळालं. मित्राच्या मित्राने चार काढली होती, त्यातलं एक. जानेवारीतल्या रविवारी तो महामार्ग स्टँडवरून सकाळच्या बसने नेरूळला गेला. पुढच्या शनिवार-रविवारी अहमदाबादला रोज लाखाहून जास्त माणसं आली, आणि सव्वीस तारखेचा कार्यक्रम तर आम्ही टीव्हीवरच पाहिला, पोहे खात. आम्हाला कोणी मोजलं असेल तर देव जाणे.

नेरूळहून आल्यावर, सोमवारी दुपारी तो उठला तेव्हा मामा वाटच बघत होते.

“किती आले होते?”

“मामाआजोबा, मी काय मोजत होतो का तिथे!”

“रिकाम्या खुर्च्या किती होत्या, ते सांग.”

“मी खाली मैदानात होतो. तिथे खुर्च्या नसतातच. सगळे उभे.”

मामांचा चेहरा पडला. त्यांची सगळी पद्धतच गेली. मग मुलाने खिशातून एक पांढरा पट्टा काढला. आत जाताना प्रत्येकाला असा एक मनगटावर बांधायला देतात, गाण्याबरोबर सगळ्यांचे एकदम पेटतात, रंग बदलतात. जाताना परत करायचा. कुठल्या गावाने किती टक्के परत केले ते पडद्यावर दाखवतात, त्यात टोकियोवाले सत्त्याण्णव टक्क्यांवर वगैरे.

“म्हणजे अर्धुकंच की,” मामा खूश झाले. पट्टा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा पाहिला. तो आता पेटत नव्हता. मग त्यांनी वर पाहिलं.

“परत करायचा होता ना? मग हा तुझ्याकडे कसा?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी कणीक मळायला घेतली.

“एक कमी आला असेल त्यांना,” मामा म्हणाले. “कोणीतरी बसला असेल बिचारा, पुन्हा पुन्हा मोजत.”