झोपला कुठे होता?

गुरुवारी दुपारी दोनला आमच्या कॅज्युअल्टीच्या रेसिडेंट्सचा तास असतो. निम्मी पोरं नाइट करून आलेली, त्यामुळे चहा आणि क्रीमरोल मी अभ्यासक्रमातच धरलेत. नियम एकच: विचाराल तेवढंच सांगेन.

परवाच्या तासाला दिलेली केस. पहाटे साडेचार, मुळशीकडच्या एका बांधकामावरचा 22 वर्षांचा मजूर. तीनपासून पोटात कळा, दोन उलट्या. बीपी ठीक, नाडी 96.

"पॅन आणि एमसेट द्या," लगेच उत्तर, म्हणजे अ‍ॅसिडिटीचं आणि उलटीचं औषध. मग ईसीजी, स्वादुपिंडासाठी अमायलेज, सोनोग्राफी. मी एकेक रिपोर्ट नॉर्मल देत गेले. थोड्या वेळानं पेशंटच्या आवाजात म्हटलं, "डॉक्टर, डोळे उघडवत नाहीयेत."

"रात्रभर जागा आहे ना, झोप आली असेल," एक जण म्हणाला.

एकदा पोटाचा आजार ठरला की पुढचं सगळं पोटातच जातं. मी फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे 'मला काय वाटतंय', उजवीकडे 'काय दिसलं तर हे खोडेन'. डावा मिनिटात भरला. उजव्यापाशी शांतता. शेवटी भोरकडची एक फर्स्ट इयरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा झोपला कुठे होता?"

पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर.

"मग मण्यार."

तिच्या गावात हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण बहुतेकदा सापडतच नाही. सुरुवात पोटदुखीनं होऊ शकते, मग पापण्या मिटायला लागतात, मान उचलत नाही आणि श्वास उथळ होत जातो. रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी इथे नॉर्मल येते, कारण हे विष रक्तावर नाही, मज्जातंतूंवर जातं. त्या नॉर्मलवर विसंबलं की संपलं. सापाच्या विषावरचं औषध, एएसव्ही, त्याच्या 10 व्हायल सुरू करायच्याच, पण एकदा लुळेपणा आला की तो त्यानं पटकन उतरत नाही. तोवर पेशंटला जगवतो तो व्हेंटिलेटर. म्हणून एका श्वासात तो किती आकडे मोजतो, हे दर थोड्या वेळानं बघत राहायचं.

केस माझीच आहे, मी रेसिडेंट असतानाची. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन मी त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर टाकला होता. 'झोप आली असेल' हे वाक्यही माझंच. उशी सारखी करताना सिस्टरच्या लक्षात आलं की याची मान उचलत नाहीये. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग चालत घरी गेला. हे मी तास संपताना सांगते. आधी सांगितलं की पोरं केस सोडून माझा चेहरा वाचत बसतात.

तो 'झोप आली असेल'वाला आता येईल त्या पोटदुखीला आधी मान उचलायला लावतो. काल कोथरूडच्या सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनाही त्यानं विचारलं, "आजी, रात्री जमिनीवर झोपला होतात का?" पुढच्या गुरुवारी त्याला पोटदुखी घेऊन आलेला हार्ट अ‍ॅटॅक द्यायचा आहे.