१७३६ ही बाकी

पुन्हा तेच. १२७७. मर्सेन संख्या म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेली संख्या. तिच्या विभाजकांच्या तक्त्यात १२७७ या घातापुढची रिकामी जागा दिसली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही, हे सिद्ध झालंय. पण तिचा एकही विभाजक हाती लागलेला नाही. ती फुटते हे ठाऊक, कशी फुटते ते नाही. एवढ्यावर मन का भरत नाही?

मर्सेन संख्या मूळ आहे की नाही ते ठरवणारी ल्यूका-लेमर चाचणी कागदावर मांडून बघितली. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य उरलं तरच संख्या मूळ. घात ७, संख्या १२७: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य, म्हणून मूळ. भागाकारही लागत नाही. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, द्विमान पद्धतीत ११००००१०. शेवटच्या सात अंकांचे ६६, वर उरलेला १ त्यात मिळवला की ६७.

मग घात ११, संख्या २०४७. शेवटी येतात १७३६. संख्या संयुक्त, २३ × ८९. पण १७३६ आणि २०४७ यांचा मसावि १! विभाजकांचा मागमूस नाही. खरं दुखणं इथंच आहे.

फ्रेंच गणिती ल्यूकाने १८७६ मध्ये २^६७ − १ संयुक्त असल्याचं दाखवलं. अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असे अवयव दिले. मधली सत्तावीस वर्षं लोक हेच घेऊन जगले असतील. १२७७चे विभाजक २५५४च्या पटीत १ मिळवूनच मिळणार, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरणार. एवढी चाळणी लावूनही हात रिकामे. २०१२ मध्ये २^१०६१ − १ फुटली, ती ३२० अंकी. पुढचे ६५ अंक माझ्या हयातीत... जाऊ दे.

२०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी संख्या मूळ आहे, हे मात्र मी बिनतक्रार मानते. तिथेही विभाजक एकेक करून कुणी तपासले नाहीत. मग १२७७च्या बाबतीतच हट्ट कशाला?

आणि ती बाकी अगदीच मुकी नाही. प्रचंड संख्यांचे वर्ग संगणक फूरियर रूपांतर या झटपट पद्धतीने करतो, त्यात दशांशात आलेली उत्तरं पूर्णांकात आणताना एका जागी जरी चूक झाली, तरी पुढचं सगळं बिघडतं, आणि मूळ संख्येलाही शून्य येत नाही. म्हणून शून्य न आलेल्या घाताची चाचणी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालवतात आणि बाकीचे शेवटचे ६४ बिट ताडून बघतात. जुळले, तरच निकाल पक्का. विभाजक सांगणं हे त्या बाकीचं कामच नव्हे. ते काम चाळणीचं. १२७७ची चाचणी साध्या संगणकावरही क्षणात होते. उद्या चालवून तिची बाकी वहीत उतरवून ठेवणार आहे.