ऐरोलीची खाडी, भरतीची वाट आणि न्यूट्रिनोचं वजन

फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला जायचं तर आधी भरतीचं वेळापत्रक बघावं लागतं. खाडीत पुरेसं पाणी चढल्याशिवाय होडी सुटत नाही. आमची फेरी दुपारची होती, पण भाचीला धीर नव्हता, म्हणून ठाण्याहून सकाळीच निघालो. तारीख २३ फेब्रुवारी. ती मी मुद्दाम धरली होती, पण गाडीत बसेपर्यंत तिला पत्ता लागू दिला नाही. ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि ‘सापेक्षता परीक्षेपुरती’ असं म्हणते. ते मला फार लागलं होतं.

स्टेशनबाहेर वडापाव खाऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली. ठाणे सोडलं की डावीकडे पारसिकचा डोंगर सोबतीला येतो. न्यूट्रिनो म्हणजे विजेचा भार नसलेले, कशालाही जवळजवळ न अडणारे अतिहलके कण. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे साडेसहा हजार कोटी जातात. डोंगर असो की लोकलची गर्दी, त्यांना सगळंच आरपार. दिघा गाव जाईपर्यंत एवढं सांगून झालं. ऐरोलीला उतरून रिक्षा केली. खाडीकाठच्या वन विभागाच्या केंद्रातले मासे, खेकडे, पक्ष्यांची माहिती सगळं बघितलं, तरी पाणी चढायला वेळ होता. सावलीतला बाक मिळाला. मी वही काढली.

१९८७ साली याच तारखेला, आपल्या घड्याळात दुपारचे १ वाजून ५ मिनिटं झाली असताना, एका ताऱ्याच्या स्फोटातले न्यूट्रिनो पृथ्वीवर येऊन थडकले. तारा मोठ्या मॅगेलानिक मेघातला, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतला, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर. हा मेघ इतका दक्षिणेला आहे की ठाण्याहून तो जेमतेम क्षितिजाला टेकतो. त्या दुपारी तर तो क्षितिजाखालीच होता. म्हणजे ते न्यूट्रिनो ठाण्याच्या जमिनीतून वर आले, प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे हजार कोटींहून जास्त, आणि तिथल्या मासुंदा तलावाच्या पाण्यावर तरंगही उठला नाही.

जपानमध्ये कामिओका इथल्या खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोल, ३,००० टन पाण्याची टाकी होती. ती बांधली होती प्रोटॉनचा ऱ्हास होतो का, म्हणजे तो आपोआप मोडतो का, ते बघायला. तो काही दिसला नाही, पण त्या दिवशी तिच्यात ११ न्यूट्रिनो सापडले. अमेरिकेतल्या आयएमबी या शोधयंत्राला ८, रशियातल्या बाक्सानच्या यंत्राला ५. एका ताऱ्याच्या मरणाची एवढीच शिरगणती, दोन डझन. प्रकाश मात्र न्यूट्रिनोंनंतर काही तासांनी पोहोचला. तो वेगात हरला नव्हता. स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत येईतो त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, न्यूट्रिनो तेवढ्यात निसटले होते.

“मग यातून वजन कसं निघतं?” भाचीने विचारलं.

वस्तुमान शून्य असेल तर कुठलाही न्यूट्रिनो, ऊर्जा कितीही असो, प्रकाशाच्याच वेगाने जाणार. वस्तुमान थोडंसं जरी असेल, तरी तो किंचित मागे राहणार, आणि ऊर्जा जितकी कमी तितका जास्त. आइनस्टाइनच्या सूत्रांतून हा उशीर दोन ओळींत निघतो: वस्तुमानाला एकूण ऊर्जेने भागा (दोन्ही इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, कणांची ऊर्जा आणि वस्तुमान त्याच मापात सांगतात), आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि प्रवासाच्या निम्म्या काळाने गुणा. १ लाख ६८ हजार वर्षांचे सेकंद साधारण ५.३ लाख कोटी, त्याचे निम्मे २.६५ लाख कोटी. समजा वस्तुमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ऊर्जा १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. भागाकार दहा लाखांत एक, वर्ग लाख कोटींत एक. उत्तर २.६५ सेकंद.

एवढ्या अंतरावर अडीच-तीन सेकंद! भाचीने फोनवर दोनदा ताळा केला. मला या गणिताचं अप्रूप आहे ते याचमुळे. कुठल्याही तराजूवर न बसणारा कण, आणि त्याचं वजन घड्याळाने काढायचं.

मग कामिओकाच्या नोंदी मांडल्या. पहिल्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. शेवटचा आला त्यानंतर १२.४ सेकंदांनी, ऊर्जा ८९ लाख. हा सगळा फरक वजनामुळेच पडला असं धरलं तर वस्तुमान येतं २१ च्या पुढे. भाचीने तिसरा उचलला. तो ७५ लाखांचा, पहिल्यानंतर ०.३ सेकंदांनी आलेला. उत्तर पावणेतीन. मग तिला ३.५ कोटींचा सापडला, सगळ्यांत जोमदार. तो तर पुढे असायला हवा, पण तिसऱ्याच्याही सव्वा सेकंद मागून आला होता. आता वस्तुमानाचा वर्गच उणे यायला लागला.

“मामा, पण हे सगळे एकदम सुटले असं कुणी सांगितलं?”

या प्रश्नासाठीच मी सकाळपासून थांबलो होतो. सीएसएमटीहून फास्ट आणि स्लो लोकल ठाण्याला किती अंतराने आल्या यावरून वेगातला फरक काढता येतो, पण दोघी एकाच मिनिटाला सुटल्या असतील तरच. ताऱ्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा बनतो, आणि तो निवताना दहा-बारा सेकंद न्यूट्रिनो सोडत राहतो. त्यामुळे आपल्याकडे पडलेलं अंतर वाटेतलं की मुळातलं, हे सांगता येत नाही. वस्तुमान हाती येत नाही, त्यावरची मर्यादा येते: याहून जड असते तर कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो आणखी पांगून आले असते. त्या काळच्या अनेक विश्लेषणांत ही मर्यादा दहा ते वीसेक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास निघाली. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ५ लाख ११ हजार. म्हणजे न्यूट्रिनो त्याच्या निदान पंचवीस हजारपटींनी हलका, हे दोन डझन नोंदी आणि वहीच्या अर्ध्या पानावर ठरलं.

होडी सुटली. तिवरांच्या भिंतीमधून मोकळ्या पाण्यात आलो, वर ऐरोली-मुलुंड पुलावरच्या गाड्या. पुढे चिखलात फ्लेमिंगोंचा थवा, चोच उलटी बुडवून गाळ चाळत होता. जवळ जाऊ तसा पांढऱ्यातला गुलाबी वेगळा होत गेला. फोटो काढण्यात अर्धा तास गेला आणि फिजिक्स कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ते परतीच्या गाडीत पुन्हा सुरू झालं. जर्मनीतल्या कार्लस्रूहचा कॅट्रिन प्रयोग ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी जड हायड्रोजनच्या, ऱ्हासातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतो. २०२५ मध्ये त्याने मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली. भाचीने आमच्या सूत्रात तो आकडा घातला. उशीर सुमारे पाच मिलीसेकंद. दहा सेकंदांच्या झऱ्यात हे शोधायचं तर पुढचा तारा जास्त लांब हवा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, लांबचा घेतलास तर उशीर अंतराच्या पटीत वाढेल, पण टाकीत सापडणारे न्यूट्रिनो अंतराच्या वर्गाने घटतील. दुप्पट लांब म्हणजे दोन डझनांचे सहाच. मग तिने जवळचा तारा आणि मोठी टाकी मागितली. टाकी आहे, कामिओकातलीच, ५०,००० टनांची, १९९६ पासून चालू. तारा अजून कुणी फोडलेला नाही.