तुम्ही विचारलंत म्हणून: मी म्हणी का वापरत नाही

दोन वह्या भरून म्हणी जमवणाऱ्या बाईच्या बोलण्यात एकही म्हण कशी येत नाही, असे मला इतक्या वेळा विचारले जाते की आता एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकते. म्हणी मला आवडत नाहीत असे मुळीच नाही. ‘अति तेथे माती’ यात कर्ता नाही, क्रियापद नाही, तरी तीन शब्दांत निकाल लागतो, आणि यमक असे बसते की ऐकणाऱ्याला पुरावा मागायचेही सुचत नाही. माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

धाकट्या भावाचा धंदा बुडाला तेव्हा घरातले आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. त्याने देण्यांची यादी एका कागदावर लिहून आणली होती. ती वाचून झाल्यावर तो त्या कागदाची घडी घालत राहिला, घडीवर घडी, कागद काडेपेटीएवढा होईपर्यंत. कोणी काही बोलेना, म्हणून मी बोलले, “अंथरूण पाहून पाय पसरावेत.” आवाज चढवला नव्हता; उलट, प्रसंगाला शोभेल असे काही बोलल्याचे समाधानच मला वाटत होते. तो म्हणाला, “ताई, हे तू तुझ्या शब्दांत बोलली असतीस तर मी भांडलो असतो. म्हणीशी कसा भांडू?” कागद खिशात घालून तो उठला. पुढे कित्येक वर्षे आमच्यात कामापुरतेच बोलणे उरले.

मी खोटे बोलले नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावले, आणि ते कर्ज त्याच्या ऐपतीबाहेरचे होते हे आजही म्हणेन. पण तोच धंदा चालला असता, तर ‘हिंमते मर्दा, मददे खुदा’ म्हणत पाठ थोपटायला मीच पुढे झाले असते. मुलगा बापाच्या वळणावर गेला की ‘खाण तशी माती’, न गेला की ‘सूर्यापोटी शनैश्वर’. माझ्या वहीत दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदतात. म्हण घडून गेलेल्यावर शिक्का मारते, आणि मारणारा हात मात्र वाडवडिलांचा असतो.

यावर माझ्यातली जुनी संग्राहक उसळून म्हणते, की म्हणीच्या याच आडोशाने कित्येकींना बोलायची सोय करून दिली. जिला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती, तिला ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ एवढे तरी पुटपुटता येत होते, आणि ते तिचे बोलणे म्हणून कोणाला धरता येत नव्हते. हे मला मान्य आहे. मात्र ‘लेकी बोले सुने लागे’ हीही त्याच आडोशाची करामत, आणि त्या दिवशी मी सुनेच्या नव्हे, सासूच्या जागी बसले होते.

गेल्या वर्षी माझ्या घरातली एक नाजूक गोष्ट मी भावाला सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “घरोघरी मातीच्या चुली, ताई.” मला बरे वाटले. त्याच्याशी भांडावे असे मनातही आले नाही, आणि ते का, हे मला अजून उमगलेले नाही.