चढ कोणी चढायचा?

आमच्या घरापासून वाचनालय साडेचारशे मीटरवर. मध्ये टेकडी नाही, घाट नाही, साधा पूलसुद्धा नाही. तरीही गेल्या वर्षी एका संध्याकाळी आई घामाघूम होऊन परत आली, पुस्तकांची पिशवी टीपॉयवर आदळली आणि म्हणाली, "एवढ्यात पर्वती चढून आले असते तर निदान देवदर्शन तरी झालं असतं."

मला वाटलं, वयाचा भाग. शहात्तर वर्षं, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिला ते मान्य नव्हतं. उभं आयुष्य शिवणकाम केलेली बाई. तिचा विश्वास अंदाजावर नाही, मापावर. दुसऱ्या दिवशी तिनं पर्समध्ये शिवणाची टेप टाकली आणि मला बरोबर घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर थांबून काठी माझ्याकडे दिली, टेप खाली सोडली आणि म्हणाली, "टोक धर." मी भर रस्त्यात उकिडवी बसून टोक धरलं. फुटपाथची उंची भरली चौदा इंच. दुकानदारानं आतून हे पाहिलं आणि पालिकेची माणसं मोजणीला आली असं समजून फुटपाथवर मांडलेले कोल्ड्रिंकचे क्रेट भराभरा आत ओढले. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

आमच्या जिन्याची पायरी साडेसहा इंचांची. म्हणजे फुटपाथची एक पायरी त्याच्या दुपटीहून उंच. बरं, ती एकदा चढली की संपलं असंही नाही. पुढे प्रत्येक सोसायटीचं फाटक येतं. फाटकापाशी गाडीला आत-बाहेर करताना धक्का बसू नये म्हणून फुटपाथ तोडलेला असतो. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जाते आणि चालणारा माणूस चौदा इंच खाली उतरतो, चार पावलं चालतो, पुन्हा चौदा इंच वर चढतो. घरापासून वाचनालयापर्यंत अशी अकरा फाटकं आहेत. आईनं वाचनालयाच्या पावतीच्या मागे हिशेब मांडला. अकरा गुणिले चौदा, एकशे चोपन्न इंच, जवळजवळ तेरा फूट. सपाट रस्त्यानं जाताना ती एका मजल्याहून जास्त चढते आणि तेवढीच उतरते. येताना पुन्हा तेच. आणि आमच्या इमारतीत लिफ्ट बसावी म्हणून आम्ही सोसायटीच्या सभांमध्ये चार वर्षं भांडत होतो!

फुटपाथ इतका उंच का, याची उत्तरं मी बरीच ऐकली. खालून केबल जातात म्हणून, पाणी चढू नये म्हणून. सगळ्यात लाडकं उत्तर मात्र एकच: दुचाक्या वर चढू नयेत म्हणून. दुचाकीवाला त्या चौदा इंचांकडे ढुंकूनही बघत नाही. तो फाटकाच्या उतारावरून वर येतो, पुढच्या फाटकाला उतरतो. अडते ती फक्त आई. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं पादचाऱ्यांच्या सोयींसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं लिहिलंय. १५० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सहा इंच. चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि जमिनीपासून वर २.२ मीटर मोकळी जागा हवी, हेही त्यातच आहे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माप घेतलंय नीट, कापताना चुकलंय."

मग आई काय करते? रस्त्याच्या कडेनं, डांबरावरून चालते. सगळेच म्हातारे तसेच चालतात. मागून हॉर्न वाजतो आणि हेल्मेटमधून आवाज येतो, "आजी, फुटपाथ आहे ना!" आहे ना. कठडा पण आहे, त्यावर कोणी चालत नाही.

तेव्हापासून मला खोडच लागली. शहरात कुठेही गेले की बघायचं, इथला चढ कोणाच्या वाट्याला आलाय. उत्तर बहुतेक ठिकाणी तेच. मोठा रस्ता ओलांडायला पादचारी पूल बांधतात. खालून ट्रक-बस जायला साडेपाच मीटर जागा सोडायची, म्हणजे सहा इंची पायऱ्या धरल्या तरी छत्तीस-सदतीस होतातच. इंजिन असलेला ट्रक सरळ जाणार आणि गुडघेदुखी असलेली बाई वर चढून, पलीकडे उतरून जाणार. भुयारी मार्गात हाच खेळ उलटा, आधी उतरा मग चढा, वर अंधार आणि वास. मुंबईत २००८ साली वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला, मग पुढे बरेच झाले. वांद्र्याच्या गर्दीत तो उपयोगी पडला हे खरं. पण त्यामागचा विचार तोच की जमीन गाड्यांची आणि माणसांनी आकाशातून जावं.

पावसाळ्यातल्या पेव्हर ब्लॉकबद्दल मी लिहीत नाही. सैल ब्लॉकवर पाय पडल्यावर खालून सलवारीवर उडालेली पिचकारी प्रत्येकीनं आपापली आठवावी.

फेरीवाल्यांवर मात्र दोन वाक्यं लिहायची आहेत, कारण फुटपाथचा विषय निघाला की लोक आधी त्यांच्यावर घसरतात. आमच्या वळणावर एक पेरूवाली बसते. रात्री आठ-साडेआठला तिथले दोन्ही दिवे बंद असले तरी तिचा चार्जिंगचा कंदील चालू असतो आणि क्लासवरून येणाऱ्या मुली तिच्याच बाजूनं येतात. ती दोन फूट जागा अडवते. तिच्या शेजारी सहा महिन्यांपासून धूळ खात उभी असलेली चारचाकी किती अडवते ते कोणी मोजत नाही. (आम्ही मोजलं. पाच फूट आठ इंच.)

११ डिसेंबर हा पुण्यात पादचारी दिन असतो. २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. एका वर्षी आईला घेऊन गेले. विसर्जन मिरवणूक सोडली तर लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध ती आयुष्यात कधी चालली नव्हती. तिथे फुटपाथचा प्रश्नच नव्हता, सगळा रस्ताच एका पातळीत. आई सरळ चालत होती, काठी टेकत होती पण तिच्यावर भार टाकत नव्हती. मध्येच साड्यांच्या दुकानांसमोर रेंगाळली आणि गरज नसताना एक खणाचं कापड घेतलं. गाड्या बंद केल्या की धंदा बसतो असं व्यापाऱ्यांना वाटतं. त्यांची काळजी मी खोटी म्हणत नाही. पण पलीकडच्या तुळशीबागेच्या बोळांत चारचाकी शिरतच नाही आणि तिथे गिऱ्हाईक नाही म्हणून कोणी रडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पादचाऱ्याला मोकळा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. आई कोथिंबीर निवडत होती. "चांगलं झालं," म्हणाली, "आता त्यांना म्हणावं, सहा इंचही लिहा त्यात."

आणि मग यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वाटेवरच्या शाळेसमोर काम निघालं. आम्ही सवयीनं नाकं मुरडली. पुन्हा खोदणार, पुन्हा राडारोडा, दिवाळीपर्यंत बॅरिकेड. काम लांबलंच. पण झालं तेव्हा तिथलं गणित उलटं झालेलं होतं. फुटपाथ खाली आला होता आणि शाळेसमोर रस्ताच वर उचललेला होता, या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत सपाट ओटा, वर झेब्र्याचे पट्टे. याला टेबलटॉप म्हणतात असं तिथल्या मुकादमानं सांगितलं. दोन फाटकांपाशीही फुटपाथ तोडलेला नव्हता. तो तसाच पुढे गेला होता आणि गाडीला थोडं चढून, थोडं उतरून आत जावं लागत होतं. आईनं अर्थातच टेप काढली. सव्वासहा इंच. "पाव इंच माफ," म्हणाली.

रिक्षावाले कुरकुरले. आमच्याच इमारतीतल्या एकांनी गाडीचा तळ घासतो अशी तक्रार केली, पण सावकाश नेली तर घासत नाही हे त्यांनाही दोन दिवसांत कळलं. खरं तर त्यासाठीच तो ओटा आहे. ताशी ३० किलोमीटरनं आलेल्या गाडीखालून माणूस बहुतेक वेळा वाचतो, ५० नं आलेल्या गाडीखालून वाचण्याची आशा झपाट्यानं कमी होत जाते. इथे 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी वर्षानुवर्षं होती. तिच्यामागे रिक्षा उभ्या राहायच्या.

हा सगळा तुकडा शंभरेक मीटरचा. बाकी साडेतीनशे मीटर अजून चौदा इंचीच आहेत, नऊ फाटकं शिल्लक आहेत. पण परवा वाचनालयातून येताना गंमत झाली. त्या ओट्यावर पोचलो आणि आई चालता चालता मान वर करून बघायला लागली. मला आठवेना, रस्त्यात ती शेवटची वर कधी बघत होती. तिची नजर नेहमी पावलापुढे दोन हातांवर असते, खड्डा, झाकण, सळई, शेण. आता ती बरोबर मधोमध थांबली आणि काठी उचलून समोरच्या इमारतीकडे दाखवत म्हणाली, "अगं, हा बहावा बघ केवढा झालाय! चौथ्या मजल्याच्या गॅलरीत गेलाय की!"

"आई, रस्त्यात उभी आहेस तू."

"हो, पण सपाटीवर उभी आहे."

चढाच्या तोंडाशी एक रिक्षा येऊन थांबली होती. आता हॉर्न वाजणार म्हणून मी आईचा दंड धरला. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली आणि काठीच्या रोखानं तोही वर बघायला लागला.