साखरेच्या पाण्याने ताठ केलेले केस

१७ ऑक्टोबर, रात्री. बर्लिन.

आज तळमजल्यावरच्या बाईंबरोबर त्सिऑन चर्चला जाऊन आले. बाई दरवर्षी या तारखेला तिथे जातात. आत जात नाहीत, चौकात झाडांखाली थोडा वेळ उभ्या राहतात आणि घरी येतात. यंदा मला म्हणाल्या, "चल, तुला यायचं असेल तर." सात वर्षं एका इमारतीत राहतोय आम्ही. त्यांच्या दुकानात माझ्या सायकलची चाकं कितीदा सरळ करून घेतली असतील. पण हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

१७ ऑक्टोबर १९८७, शनिवार. तेव्हा हा भाग पूर्व बर्लिनमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होता. चर्चमध्ये पश्चिम बर्लिनहून आलेला 'एलेमेंट ऑफ क्राइम' हा बँड आणि इथला पंक बँड 'डी फिर्मा' वाजवत होते. पंक म्हणजे कर्कश, बंडखोर रॉक, आणि ते वाजवणारी-ऐकणारी पोरंही पंकच. आत माणसं खच्चून भरलेली. कार्यक्रम संपत आला आणि तीसेक स्किनहेड, म्हणजे डोकी भादरलेले नवनाझी, नाझी घोषणा देत आत घुसले. दिसेल त्याला मारलं. बाहेर पोलीस होते. ते हलले नाहीत. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या. बाजूच्या दाराने बाहेर पडल्या, तेव्हा एका हातमोज्यात दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त होतं. तो हातमोजा पुढे कित्येक महिने टाकवला नाही म्हणाल्या.

घरी येऊन मी पुन्हा वाचत बसले, कारण डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. १९८३ मध्ये 'नामेनलोस', म्हणजे 'बिननावाचे', नावाच्या बँडमधल्या पोरांना अटक झाली. त्यांचं एक गाणं पूर्व बर्लिनमध्ये पुन्हा नाझी दिसू लागलेत असं सांगत होतं, आणि दुसरं थेट गुप्त पोलिसांवर होतं. सरकारचं म्हणणं होतं की आमचं राज्य फॅसिझमविरोधी आहे, इथे नाझी असूच शकत नाहीत. गाणं म्हणणाऱ्यांवर राज्याची बदनामी केल्याचा खटला झाला आणि एक ते दीड वर्षाच्या शिक्षा झाल्या. विशीच्या आसपासची पोरं! आणि चारच वर्षांनी ते 'नसलेले' नाझी चर्चच्या दारातून आत आले. मला याचा संताप येतो. इतक्या वर्षांनी, परक्या देशातली गोष्ट असूनही येतो.

बाई स्वतः कुठल्या नावाजलेल्या बँडमध्ये नव्हत्या. मैत्रिणीच्या घराच्या तळघरात बेस वाजवायच्या, इतकंच. केस ताठ उभे करायला बाजारात काही मिळायचं नाही, म्हणून साखरेचं घट्ट पाणी करून लावायच्या. पाऊस आला की सगळं मानेवरून ओघळायचं, आणि उन्हाळ्यात गांधीलमाशा पाठ सोडायच्या नाहीत. हे सांगताना त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. आता केस पांढरे आहेत, बारीक कापलेले.

त्या केसांची किंमत काय होती? एरिश मिल्के हा स्टाझीचा, म्हणजे त्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९८३ मध्ये त्याने पंकांशी सक्तीने वागा असा आदेश दिला. सबंध देशात खरे पंक असतील हजाराच्या आसपास, पण त्यांच्यामागे यंत्रणा लागली ती एखाद्या फौजेमागे लागावी तशी. पोरांना सैन्यात भरती करून बँड मोडले. 'प्लानलोस' असाच संपला. काम सोडलं की 'समाजविघातक' म्हणून तुरुंग. बाईंचं ओळखपत्र काढून घेतलं आणि हातात पीएम-१२ नावाचा तात्पुरता कागद दिला. तो कागद असला की शेजारच्या समाजवादी देशातही जाता येत नसे, आणि रस्त्यात कुणाही शिपायाने तो पाहिला की पुढचा अर्धा दिवस चौकीत. आलेक्झांडरप्लात्सवर पाऊल टाकायलाही त्यांना बंदी होती. स्वतःच्याच गावातला चौक!

पश्चिमेकडचे पंक म्हणत, आम्हाला भविष्य नाही. इकडची पोरं म्हणत, आमच्यापुढे भविष्य नको तितकं आहे. बालवाडीपासून पेन्शनपर्यंतचं सगळं दुसऱ्याने आखून ठेवलेलं. बँड काढायचा तरी समितीपुढे वाजवून परवानगी घ्यायची, गाण्याचे शब्द दाखवायचे. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांना एकच छप्पर उरलं, चर्चचं. मार्च १९७८ मध्ये सरकार आणि प्रोटेस्टंट चर्च यांच्यात समझोता झाला होता, त्यामुळे चर्चच्या भिंतींच्या आत पोलीस सहजी शिरत नसत. काही पाद्र्यांनी या पोरांना जागा दिली. एप्रिल १९८३ मध्ये हाले शहरातल्या क्रिस्टुस चर्चमध्ये ठिकठिकाणचे पंक जमले. देवावर विश्वास नसलेली पोरं वेदीसमोर अँप लावून ओरडतायत, आणि पाद्री चर्चच्या मंडळातल्या तक्रारी स्वतःच्या अंगावर घेतोय. मंडळातल्या सगळ्यांना हे आवडत नव्हतं. पण ज्यांनी दार उघडं ठेवलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

खबऱ्यांचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर अर्धंच राहील. १९८३ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये पूर्वेकडच्या पंकची पहिली एलपी निघाली, 'डीडीआर फॉन उंटेन', खालून दिसणारा डीडीआर, म्हणजे पूर्व जर्मनी. तिच्या एका बाजूला 'त्स्विचरमशीने' हा बँड होता, आणि त्यातला कवी साशा अँडरसन स्टाझीला बातम्या पुरवत होता. 'डी फिर्मा'मध्येही खबरे निघाले. म्हणजे १७ ऑक्टोबरच्या त्या रात्री मंचावरसुद्धा. १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या, तेव्हा बाईंनीही अर्ज केला. ज्याने त्यांना बेस धरायला शिकवलं होतं, तोच खबऱ्या निघाला. "एकदा भेटला. दोघंही रडलो. मग परत नाही भेटलो." एवढंच बोलल्या. मीही पुढे विचारलं नाही.

चौकाजवळच चर्चचं जुनं घर आहे. तिथल्या तळघरात १९८६ पासून 'पर्यावरण वाचनालय' चाले. नाव साधं, काम निराळं. तिथे सरकार दाबून ठेवत असलेल्या बातम्या छापून निघत. वर 'फक्त चर्चच्या अंतर्गत माहितीसाठी' असं लिहिलं की कायद्यातून वाट मिळायची. पंकांवरच्या हल्ल्यानंतर पाचच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरच्या रात्री स्टाझीने तिथे धाड घातली. माणसं पकडली, छपाईची यंत्रं उचलून नेली. लोक त्सिऑन चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन बसले. काही दिवसांत पकडलेल्यांना सोडावं लागलं.

ते यंत्र कसलं, तर आपल्या सायक्लोस्टाइलसारखं. हे ऐकलं आणि मला बाबा आठवले. पिंपरीच्या एका कारखान्यात ते युनियनचं काम करायचे. रात्री स्टेन्सिल कापायचे, पहाटे पत्रकं घेऊन पहिल्या पाळीच्या गेटवर. शर्टाच्या बाहीला लागलेली शाई आई रॉकेलने घासायची आणि पुटपुटायची. तो वास अजून नाकात आहे. बाईंना सांगितलं, तर चटकन म्हणाल्या, "आणि नखांतली शाई? ती निघायची?" नाही निघायची. बाबा जेवायला बसले की ताटाशी तेवढी काळी नखं दिसायची.

पंकांनी बर्लिनची भिंत पाडली असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ९ ऑक्टोबर १९८९ ला लायप्झिगच्या रस्त्यावर सरकारविरोधी मोर्चात सत्तर हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांत गृहिणी होत्या, कामगार होते. बहुतेकांनी पंक गाणं कधी ऐकलंही नसेल. पण त्याच वर्षी मे महिन्यातल्या निवडणुकीत मतमोजणीला जाऊन बसलेले आणि सरकारी आकडे खोटे आहेत हे दाखवून देणारे गट याच चर्चांच्या आसऱ्याने वाढले होते. न विचारता जमायचं, पकडलं तर परत जमायचं, ही सवय तिथे आधीच लागलेली होती. आणि ती लावणाऱ्यांत ही साखरेच्या केसांची पोरं होती, जेव्हा बाकीचे त्यांना पाहून रस्ता बदलत होते. बाईंच्या सख्ख्या आईनेही बदलला होता.

निघताना बाईंनी पिशवीतून एक कॅसेट काढून दिली. त्यांच्या तळघरातली, १९८५ ची. वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे जुना प्लेअर होता, तो आणला. बेस नीट ऐकू येत नाही. ड्रम डब्यावर वाजवल्यासारखे. शब्द तर फाटून गेलेत. दोन गाण्यांच्या मध्ये सगळे गप्प होतात. जिन्यावर पावलं वाजतात. कुणीच काही बोलत नाही. पावलं वर निघून जातात, एक मुलगी श्वास सोडते, आणि चार मोजून पुन्हा सुरू करते.

ती मुलगी बाई आहेत का, ते उद्या विचारेन.