पासबुक भरलं

बाबा फोनवर सहज म्हणाले, "तुझं पासबुक भरलं गं. बँकेनं नवीन दिलं." एवढंच. पुढे सोयाबीनचं बोलले, आजीच्या गुडघ्याचं बोलले. मी मात्र तेव्हापासून त्या पासबुकाचंच धरून बसले आहे.

मी शिकायला पुण्यात, खातं गावच्या शाखेत, पासबुक घरी. एन्ट्री मारून आणतात बाबा. बारावीपर्यंत त्यात असायचं काय? शिष्यवृत्ती जमा, व्याज जमा. आता एकेका वडापावाची एकेक ओळ. वीस वजा. दहा वजा. परत दहा वजा. शिवाय टपरीच्या क्यूआरवर बरेचदा टपरीचं नाव नसतंच, ज्याचं खातं त्याचं नाव. म्हणजे बाबांच्या हातातल्या कागदावर रोज एका परक्या माणसाच्या नावावर दहा रुपये. रोज! विचारलं असतं तर सांगितलं असतं, चहावाला आहे म्हणून. विचारलंच नाही.

सहा जण हॉटेलात गेलो की क्यूआर एकटी मीच स्कॅन करते. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, असतं, पण ते नंतर. त्यामुळे पासबुकात आधी आठशेचाळीस वजा, मग खाली एकशेचाळीस-एकशेचाळीस जमा, सुट्या सुट्या ओळींत, मध्ये दुसऱ्याच कशाचे पंधरा. वाचणाऱ्याला दिसतात ते आठशेचाळीस. आणि जमेच्या ओळी पाच हव्यात, असतात चार. असो.

उधळते का मी? मांडून बघू. महिन्याला सहा हजार येतात. मेस तेहतीसशे, रिचार्ज तीनशे. रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा. उरले चोवीसशे. भागिले तीस करून दिवसाला ऐंशी असं बहुतेक जणी करतात आणि तिथंच फसतात. कारण खर्च दिवसावर येतच नाही, वारावर येतो. मंगळवारी चहाशिवाय काही लागत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद! बाहेर साधं राइस-प्लेट खाल्लं तरी शंभर-सव्वाशे. अ‍ॅपवरून मागवलं तर मुळात भावच हॉटेलातल्यापेक्षा चढा, वर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी. नुसत्या रविवारच्या संध्याकाळी महिन्याला पाचशे खातात. ज्या महिन्यात पाच रविवार, तो महिना वाईट. कॅलेंडर बघून आधीच कळतं, तरी कुणी बघत नाही.

म्हणून आठवड्याचे साडेचारशे. चार आठवड्यांचे अठराशे. राहिलेल्या सहाशेला हात लावायचा नाही: महिन्याच्या अखेरचे दोन-तीन दिवस, औषध, कुणाच्या वाढदिवसाची कॉन्ट्री, आणि मुख्य म्हणजे सबमिशन. जर्नल, ग्राफ पेपर, फाइल, झेरॉक्स सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. सप्टेंबरात शिल्लक टाकली नाही तर ऑक्टोबरात उसनवारी ठरलेली. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यायची, वर्ष संपलं की तिथंच परत विकायची. पानांवर पेनानं खरडलेलं नसेल तर भाव बरा मिळतो.

हे सगळं मांडल्यावर उधळपट्टी कुठंच दिसत नाही. मग लाज कशाची वाटते आहे? घरी आई भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करते, ते डोळ्यांसमोर येतं… जाऊ दे.

खरं तर खर्चाचं वाईट वाटतच नाहीये. तो दिसतो, त्याचं वाटतंय. काका पगारातले किती पानपट्टीवर घालवतात हे कुठल्या पासबुकात छापून येत नाही, ते रोखीनं देतात. माझी पिढीच हिशेबी ठरली म्हणायची, दहा रुपयांचीसुद्धा छापील पावती ठेवणारी. सीएला जायला हवं होतं.

उपाय सोपा आहे. यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट. दर सोमवारी खात्यातून साडेचारशे लाइटमध्ये टाकायचे आणि चहा, वडापाव, झेरॉक्स तिथून. हजारापर्यंतच्या पेमेंटला पिन लागत नाही, आणि पासबुकात ओळ येते ती फक्त सोमवारच्या भरण्याची. एकेक चहा अ‍ॅपमध्ये दिसतो, म्हणजे हिशेब मला राहतो. ऑटो टॉप-अप मात्र बंद ठेवायचं. ते चालू राहिलं की रक्कम संपत आली की आपोआप भरते, मग आठवड्याच्या मर्यादेला अर्थ उरत नाही. गुरुवारी संपले तर संपले. शुक्रवारी मेसचंच जेवायचं आणि चहा रूमवर.

लपवाछपवी वाटेल का ही? वाटली तर वाटू दे. बाबांनाही कमी एन्ट्र्या वाचाव्या लागतील.

या शुक्रवारी घरी जायचंय, सोमवारपर्यंत. मेसच्या काकांना गुरुवारी सकाळीच सांगायला हवं. सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल किंवा आदल्या दिवशी सांगितलं नसेल तर खाडा धरत नाहीत. चार दिवसांचा खाडा म्हणजे कार्ड चार दिवस पुढे, दिवसाचे एकशेदहा धरले तर चारशेचाळीस. एसटीला २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. जायचं भाडं त्यातच निघतं, बहुतेक यायचंही. रविवारची संध्याकाळ फुकट.